मावळातल्या म्हशी आणि एका लशीचं पत्रक

माझी भाची गौरी संगणकावर लस तयार करते, हे मी बार्शीत जेव्हा जेव्हा सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. त्यांचं काही चुकलं नाही. मी एकतीस वर्षं शाळेत शास्त्र आणि मराठी शिकवलं, तरी मलाही ते नीट कळलेलं नव्हतं.

गौरीने फोनवर समजावलं ते असं. गोचीड चावल्याने माणसाला होणारा एक ताप आहे, माकडताप. कर्नाटकातल्या जंगलांत होतो, आपल्या तळकोकणातही आलेला आहे. त्याच्या विषाणूच्या वरच्या आवरणाचे नेमके कुठले तुकडे शरीराला दाखवले, तर शरीर खरा विषाणू आल्यावर त्याला ओळखेल, ते ती संगणकावर शोधते आणि निवडलेले तुकडे एका माळेत ओवते. सहा वर्षं हेच चाललंय. आता तिला गुरं पाळणाऱ्या गावांतल्या धडधाकट माणसांचं थोडं थोडं रक्त तपासायचं होतं. पण परवानगी देणाऱ्या समितीने अट घातली होती, की लोकांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत हवं, आणि ते लोकांना कळतं हे गावात जाऊन पाहून आलं पाहिजे. महिनाअखेरपर्यंत पत्रक मंजूर झालं नाही, तर काम पुढच्या वर्षावर जाणार होतं.

"मामा, तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "आणि माझ्याबरोबर मावळात चला. भाताची काढणी चालू आहे, खायची चंगळ आहे."

मी चार पानांचं पत्रक लिहिलं. शीर्षक होतं, "संगणकसाहाय्यित बहुघटकी लसरचनेच्या पूर्वतयारीस्तव रक्तनमुना संकलन". मला त्याचा फार अभिमान वाटत होता. दिवाळी झाल्यावर ते पत्रक, दोन जोड कपडे आणि शेंगाचटणीची बरणी घेऊन मी निघालो.

वलवण

पहिला मुक्काम लोणावळ्याला खेटून असलेल्या वलवणला, गायकवाडभाऊंकडे. भाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी गौरीबरोबर काम करते, त्यामुळे आमची सोय झाली. घर छोटं पण नेटकं. समोरच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्यापुढे ताजी शेवंती. मागच्या ओट्यावरून धरणाचं पाणी दिसत होतं. बार्शीच्या माणसाने नोव्हेंबरात एवढं पाणी पाहिलं, की आधी त्याचा विश्वास बसत नाही, मग थोडा रागच येतो.

वहिनींनी तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, कडक झाली तर महिनाभर टिकणारी. ही पांढरीशुभ्र, मऊ, हातात घेतली तर लोंबायला लागते. मी ती दोन्ही हातांनी धरून खातोय हे बघून वहिनींना हसू आवरेना. मी माझी शेंगाचटणी काढली, तेव्हा कुठे बरोबरी झाली.

जेवण झाल्यावर भाऊंनी चष्मा लावून पत्रक वाचायला घेतलं. बराच वेळ वाचलं. मग कागदाच्या कडा जुळवून खाली ठेवला.

"छपाई सुंदर झालीय, सर."

"आणि मजकूर?"

"राग मानू नका. रेल्वेत आम्हाला अशीच परिपत्रकं यायची. वाचून झालं, की ज्याने वाचलेलं नाही अशा माणसाला गाठून आम्ही विचारायचो, की बाबा, यात काय आहे?"

वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि भाऊंच्या खांद्यावरून वाकून वाचू लागल्या. एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"हे प्रतिपिंड काय आहे? आमच्याकडे पिंडबिंड काही नसतं हं, सर."

गौरीने इतका वेळ ओठ दाबून धरले होते. आता ती फुटलीच. ती हसली, भाऊ हसले, आणि नाइलाजाने मीही हसलो. दुपारभर मी ओट्यावर बसून खोडत होतो. चार पानांची दोन झाली. प्रतिपिंड गेलं, बहुघटकी गेलं, पूर्वतयारीस्तव मात्र जाताना फार दुखलं.

तिकोणा पेठ

दुसऱ्या दिवशी पवना धरणाच्या कडेने तिकोणा पेठेत गेलो. डोक्यावर किल्ला, पायाशी पाणी, मध्ये कापून पसरलेलं भात. खळ्यावर मारुतीआबा भेटले. सत्तरीचे असतील. भाताची पेंढी फळीवर झोडताना त्यांच्या हाताची लय बघत राहावी अशी होती. त्यांनी काम थांबवलं, पोत्यावर आम्हाला बसवलं, चहा सांगितला. मी दोन पानं मोठ्याने, वर्गात वाचायचो तशी, विराम घेऊन वाचली. आबा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. भोवती आणखी माणसं जमली, तीही मान डोलावत होती.

"लय झ्याक वाचलंत, गुरुजी," आबा म्हणाले. "सही कुटं करू?"

सगळ्यांनी सह्या केल्या. तासाभरात काम फत्ते. मी गौरीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती आबांच्या शेजारी जाऊन बसली.

"आबा, आम्ही नक्की काय करणार आहोत, असं वाटलं तुम्हाला?"

"म्हशीस्नी लस टोचनार की. गोचिडीची. फुकाट."

"न्हाई वो आबा," मागचा एक जण म्हणाला, "सर्वे हाय. घरकुलाचा."

गौरीने एकेकाला शांतपणे सांगितलं, की यातलं काहीच नाही. मग सह्या केलेले सगळे कागद त्यांच्यासमोरच फाडले. मी नकळत तुकडे गोळा करायला वाकलो. आबांना मात्र काहीच वाटलं नाही. त्यांनी निघताना नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी बळेच आमच्या हातात दिली.

रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "माणसांनी विश्वासाने सह्या केल्या होत्या, गौरी."

"तुमच्यावर विश्वास टाकून, मामा. तुमच्या पांढऱ्या केसांवर. कागदात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं."

"मी काही खोटं वाचलं का?"

"नाही. पण ते पाहुण्याला हो म्हणाले. रक्त द्यायला नाही." ती चार पावलं पुढे गेली. मग एकदम म्हणाली, "सहा वर्षं मी ते तुकडे पडद्यावर फिरवतेय. उद्या अशा सह्यांवर काम सुरू केलं, तर मला माझंच तोंड बघवणार नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे यायची तेव्हा पत्त्यांत कुणी लबाडी केली, की डाव उधळून द्यायची. तीच पोर. पिशवीतले पोहे मूठभर तोंडात टाकले आणि पिशवी तिच्यापुढे धरली. तिने घेतले. त्या पोह्यांना असा गोड वास होता, की चिडून राहणं दोघांनाही जमलं नाही.

आंदर मावळ

आंदर मावळात एसटी मोजक्याच. जिथे ती वळून मागे फिरते तिथे उतरलो आणि चालायला लागलो. दीड तास चाललो. त्या दीड तासाबद्दल मी तक्रार करणार नाही. दोन्हीकडे डोंगर, खाली पिवळी खाचरं, त्यांत कापलेल्या भाताच्या ओळी, त्यांच्यामागून फिरणारे बगळे, आणि सगळीकडे इंद्रायणी तांदळाचा वास. शिजलेल्या भाताला वास येतो हे माहीत होतं. शेतातल्या भातालाही येतो, हे साठी उलटल्यावर कळलं.

आम्ही हौसामावशींकडे उतरलो. त्या गावातल्या बचत गटाच्या प्रमुख, सातवी शिकलेल्या, अंगाने बारीक आणि आवाजाने भरभक्कम. जेवायला खेकड्यांचा रस्सा होता. आमच्या तिकडे खेकडा हा बघायचा प्राणी. मी नांगी हातात घेऊन ती कुठून उघडते ते शोधत बसलो.

"गुरुजी, ती काय पेटी न्हाई," मावशी म्हणाल्या. "दातानं फोडा अन वढा."

फोडली, ओढली. रस्सा सदऱ्यावर, आनंद तोंडभर. वर नवा भात, मऊ, जरा चिकट, त्याला कशाचीच गरज नव्हती.

दुपार कलल्यावर गौरी मावशींबरोबर पत्रक वाचत बसली आणि मी गोचीड बघायला निघालो. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय, ते एकदा जवळून पाहावं म्हणून. इथल्या गोचिडांचा त्या तापाशी काही संबंध नाही, हे गौरीने निक्षून सांगितलं होतं. खळ्यापलीकडे एक म्हैस बांधली होती. मी काट्यांचं कवाड सारून आत गेलो, खळं ओलांडलं आणि म्हशीच्या कानामागे वाकून पाहिलं. सापडला. एरंडाच्या बीसारखा, राखाडी, टम्म फुगलेला, अगदी निवांत. मी चष्मा पुसून पुन्हा बघत होतो, तेवढ्यात मागे धपधप आवाज आला.

मी कवाड लावायला विसरलो होतो. डोंगरातून परतलेली तीन घरांची जनावरं खळ्यात घुसली होती आणि भाताच्या भाऱ्यांत तोंडं खुपसून उभी होती. मी "हो हो" असं ओरडलो. बार्शीच्या म्हशींना कळतं. या हलल्यासुद्धा नाहीत.

"आगं आई! म्हसरं खळ्यात!" हौसामावशी पदर खोचून धावल्या. पाठोपाठ शेजारचा सुदाम आला, चाळिशीचा, उंच, हातात काठी. वरच्या घरातली सून आली. मी एका कोपऱ्यात ओशाळून उभा. सगळ्या काळ्या, सगळ्या धुळीने माखलेल्या, निम्म्यांची तर तोंडंही भाऱ्यांत बुडालेली. कुणाची कुठली, कसं निवडणार?

पण त्यांचं काम कधीच सुरू झालं होतं. मावशींनी दोन म्हशींची शिंगं धरून त्यांना बाजूला ओढलं. एकीचं डावं शिंग खाली उतरलेलं, दुसरीचं टोक तुटलेलं. सुनेने नुसता जिभेने टकटक आवाज काढला, तशी एका म्हशीने कान फडकावला आणि ती आपणहून तिच्याकडे चालायला लागली. एक म्हैस पूर्ण भाऱ्यांत घुसली होती, फक्त मागचा भाग बाहेर. सुदामने लांबूनच काठी दाखवली.

"ती माजी."

"तोंड न बघता?" मी विचारलं.

"तोंड कशाला? शेपटाचा गोंडा बघा, येक बाजूला वाकडा हाय. अन पाय टाकती ती बी फाकवून."

मावशी धापा टाकत हसल्या. "म्हस वळखाय समदी म्हस बघाय लागतीया व्हय, गुरुजी? मी शिंगावरनं वळखती. ह्यो सुदाम शेपटावरनं अन चालीवरनं. ज्याची त्याची रीत."

गौरी दारात उभी होती. तिच्या हातातून पत्रकाची पानं खाली पडली तरी तिला कळलं नाही.

"मावशी, परत म्हणा."

"काय?"

"आत्ता जे म्हणालात ते. परत म्हणा."

मावशींनी पुन्हा सांगितलं. गौरी तिथेच खळ्यात, तुडवलेल्या भातावर बसली आणि बोलायला लागली. म्हशी दावणीला गेल्या, सुदाम काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला, सून कमरेवर हात ठेवून. गौरी म्हणाली, की विषाणू शरीरात शिरतो तेव्हा शरीर त्याला ओळखतं, पण उशिरा ओळखतं. आधीच ओळख करून दिलेली असली तर आल्या आल्या हाकलतं.

"म्हंजी खळ्यात शिरायच्या आदी," सुदाम म्हणाला.

"अगदी तसंच. पण ओळख करून द्यायला सगळा विषाणू दाखवायची गरज नाही."

"शिंग दावायचं नुसतं," मावशी म्हणाल्या.

"शिंगाचं एक टोक. शेपटीचा गोंडा. असे पाच-सात तुकडे मी संगणकावर निवडलेत आणि एकापुढे एक जोडलेत."

"येकच का न्हाई दावत? पाच-सात कशापायी?" सुदामने विचारलं. आणि गौरीने तोंड उघडायच्या आत त्याचं त्यालाच उत्तर सापडलं. "आसं आसं. कारन मावशीच्या रगताला शिंग कळंल, अन माज्या रगताला शेपूट."

गौरीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. विद्यापीठात दोन तास भाषण देऊन जे गळी उतरत नाही, ते म्हशींनी पंधरा मिनिटांत उतरवलं होतं, असं ती मला नंतर म्हणाली.

"मंग आमचं रगात कशाला पायजे तुमाला?" मावशींनी मूळ मुद्द्याला हात घातला. "ताप तर हितं न्हाई म्हंता."

"संगणकाला जी माहिती दिलीय, ती बरीचशी दुसऱ्या देशांतल्या माणसांची आहे. इथली माणसं कशावरून ओळखतात, ते त्याला ठाऊक नाही. ही रीत आईबापांकडून येते, घरोघर वेगळी असते. ती रक्तात बघता येते."

"अन लस कवा निगनार?"

"माहीत नाही, मावशी. अजून बरीच वर्षं लागतील. कदाचित निघणारही नाही. संगणकात जमलेलं शरीरात जमेलच असं नसतं."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ह्ये बरं सांगितलंस," त्या म्हणाल्या.

दुसरा पूर्ण दिवस आम्ही मावशींच्या पडवीत बसून पत्रक लिहिलं. म्हणजे मावशी सांगत होत्या, गौरी शास्त्र तपासत होती आणि मी लिहीत होतो. एखादा जड शब्द माझ्या लेखणीतून निसटला, की मावशी बोट ठेवायच्या, "हितं खडा लागला." दोन पानांचं एक झालं. खळ्यात सांडलेलं भात मी त्याच दिवशी सुपात पाखडून गोळा केलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हणालं नाही.

शाळेचा ओटा

तिसऱ्या दिवशी सकाळी, झोडणीला जायच्या आधी, माणसं शाळेच्या ओट्यावर जमली. वाचायचं काम मला मिळेल असं मी गृहीत धरलं होतं. मावशींनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"तुमी वाचलं की मानसं मान हालवत्यात, गुरुजी. मी वाचती. माज्याशी भांडत्याल."

आणि खरंच भांडली. रक्त किती घेणार? उरलेल्याचं काय करणार? आमची नावं कुणाला सांगणार? कापडात बांधून आणल्यासारखे एकेक प्रश्न बाहेर येत होते, आणि गौरी प्रत्येकाला उत्तर देत होती. दोनदा तिने "हे मलाही विचारून सांगावं लागेल" असं म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं. शेवटी मावशींनी खालची ओळ वाचली, "नको वाटलं तर नाही म्हणा. कुणी कारण विचारणार नाही." मग कागद खाली धरून स्वतःची भर घातली, "आन उटून जायचं आसंल तर आत्ताच जावा. कोन काय बी म्हननार न्हाई."

मग सुदाम उठला.

"मला समदं कळलं," तो म्हणाला. आणि त्याने सगळ्यांसमोर ते पुन्हा सांगितलं, खळ्यापासून, शिंगापासून, संगणकाच्या माहितीपर्यंत, माझ्यापेक्षा सरस. "पन मी रगात देनार न्हाई."

मला धक्का बसला. हाच तर आमचा सर्वांत हुशार विद्यार्थी. "का रे, सुदाम?" माझ्या तोंडून गेलंच.

मावशी गर्रकन वळल्या. "गुरुजी! इचारायचं न्हाई आसं तुमीच लिवलंय की!"

ओटा हसण्याने दणाणला. सुदामही हसला, टोपी झटकली आणि खाली उतरून गेला. मला वाटलं गौरीचा चेहरा पडला असेल. तिच्याकडे पाहिलं, तर ती सगळ्या प्रवासात दिसली नव्हती इतकी खूश.

"मामा, अहो, तो नाही म्हणाला!" ती माझ्या कानात म्हणाली. "सगळं समजून नाही म्हणाला. आता जे हो म्हणतील, ते खरं हो."

बरीच माणसं हो म्हणाली. काहींनी विचार करून सांगतो म्हटलं. समितीने पुढे ते एक पान जवळजवळ तसंच मंजूर केलं. एका सदस्याने म्हशीऐवजी काही अधिक शास्त्रीय उदाहरण द्यावं असं म्हटलं, तेव्हा गौरीने त्यांनाच सुचवायला सांगितलं, आणि म्हैस राहिली.

गौरी दोन दिवस आणखी थांबणार होती. मला एसटी गाठायची होती. मावशींनी पाच किलो इंद्रायणी बांधून दिला. बरणीतली उरलेली शेंगाचटणी मी त्यांच्याकडे ठेवली. तांदूळ खांद्यावर घेऊन मी वाटेला लागलो, तर मागून मोटरसायकल आली. सुदाम होता.

"बसा गुरुजी. फाट्यापत्तुर सोडतो. घट धरा, रस्ता लय बेकार हाय."

बसलो. खाचरांमधून, बगळे उठवत, खड्डे चुकवत आम्ही चाललो. सुदाम मोकळेपणाने बोलत होता. भाताचं बोलला, म्हशीचं बोलला, मुलगी तळेगावला कॉलेजात जाते ते सांगितलं. माझ्या जिभेवर मात्र एकच प्रश्न वळवळत होता. तीनदा तो ओठांपर्यंत आला. शिक्षकाला प्रश्न गिळायची सवय नसते. पण गिळला, तिन्ही वेळा.

फाट्यावर एसटी उभीच होती. सुदामने तांदळाची पिशवी वर चढवून दिली आणि खिडकीपाशी येऊन उभा राहिला.

"गुरुजी, रस्ताभर तुमी कायतरी इचारनार व्हता."

"होतो."

"इचारलं न्हाई."

"नाही."

तो मनापासून हसला. "बरं केलंत," तो म्हणाला. "फुडच्या भाताला या. तुमचं कवाड मी लावीन."